राजाची एक उडी

आमच्या घरात बुद्धिबळाचा पट होता असं सांगितलं की लोकांना वाटतं, घर चांगलं शिकलेलं असणार. तसं काही नव्हतं. कुंभारवाडा या गावाच्या पलीकडे रस्ता सोडून अर्धा तास रानातून चाललं की आमची सात घरांची वाडी लागायची, आणि त्यातलं अगदी शेवटचं, ओढ्याकडचं घर आमचं. पट म्हणजे फणसाच्या लाकडाची एक फळी. तिच्यावर आप्पांनी तापवलेल्या सळीनं रेघा ओढल्या होत्या आणि एक सोडून एक घर कोळशानं घासून काळं केलं होतं. मोहरेही त्यांनीच कोयत्यानं तासलेले. घोडे घोड्यासारखे दिसायचे, उंट मात्र कुणी सांगितल्याशिवाय कळायचे नाहीत. एक हत्ती शेजारच्या कुत्र्यानं पळवला, तेव्हापासून त्याच्या जागी गारंबीची बी होती. गारंबी म्हणजे रानातला मोठा वेल, त्याची बी तळहाताएवढी, तपकिरी आणि गुळगुळीत. ती हातात घ्यायला मला इतकी आवडायची की नको तिथंही मी तोच हत्ती हलवायची आणि मार खायची. म्हणजे पटावर. आप्पांनी माझ्यावर हात कधी उचलला नाही.

आप्पा मुळात बोलायचेच नाहीत. शेतावर असोत, रानात मजुरीला जावोत, जेवायला बसोत, सगळं मान हलवून चालायचं. पाहुणे आले की अव्वा, म्हणजे माझी आई, त्यांच्या वाटणीचंही बोलून घ्यायची. पण पट मांडला की माणूस बदलायचा. "सुमे, त्यो उंट काय पेंगाय लागलाय?" "आगं, प्यादं म्हंजे आपली मानसं, फुकट घालवायची न्हाईत." असं एकेक सुरू व्हायचं, आणि अधूनमधून त्यांच्या लहानपणाचं, आजोबांचं, रानात वाट चुकल्याचंही निघायचं. मला बाप जो काही कळला तो चौसष्ट घरांच्या पलीकडून कळला. म्हणून खरं सांगायचं तर मला खेळाची ओढ नंतर लागली, आधी त्या बोलण्याची.

त्यांच्या शिकवण्यात एक गोष्ट सगळ्यांत वरची होती. "राजाला जल्मात एक उडी असती," ते सांगायचे, "घोड्यासारकी, अडीच घरं. पर एकदा शह बसला की ती उडी गेली. म्हणून शह बसायच्या आदी मारून घ्यायची." त्यामुळे आमच्या घरचा डाव नेहमी एकाच तऱ्हेनं सुरू व्हायचा. पहिल्या चालीला राजापुढचं प्यादं एक घर. दुसऱ्या चालीला उजव्या घोड्यापुढचं प्यादं एक घर. आणि तिसऱ्या चालीला राजा टुणकन उडी मारून त्या सरकलेल्या प्याद्याच्या मागं, मोकळ्या झालेल्या घरात जाऊन बसायचा. आमच्या वाडीत आणि आसपासच्या वाड्यांत सगळे असंच खेळायचे. हल्ली माझा भाचा फोनवर बुद्धिबळ खेळतो. राजाला बोट लावलं की तो जिथं जाऊ शकतो तिथं बारीक ठिपके उमटतात. मी एकदा त्याच्या हातातून फोन घेतला, दोन प्यादी सरकवली आणि राजावर बोट ठेवलं. त्या घरात ठिपका उमटला नाही. उमटणार नाही हे मला पक्कं माहीत होतं, तरी मी दोनदा दाबून बघितलं.

अव्वाला पटाचा राग होता आणि त्याला कारणही घडलं. त्या वर्षी भात पिवळं पडलं होतं, कापणी चार दिवसांवर आली होती. दिवस कलला की राखणीला शेतातल्या माळ्यावर बसायचं काम आप्पांचं. बांबूच्या त्या उंच माळ्यावर मीही जायची आणि माझ्या काखेत पट. त्या संध्याकाळी माझा वजीर अडकला होता. खालून काहीतरी सळसळतंय हे मला ऐकू येत होतं, मला वाटलं वारा. आप्पांनाही वाटलं असेल वारा, किंवा त्यांना काहीच वाटलं नसेल. अव्वा घराकडून पत्र्याचा डबा बडवत, ओरडत आली तेव्हा आम्ही मान वर केली. सहा गवे आमच्या भातात उभे होते, खुशाल, घरच्या गोठ्यात असल्यासारखे. अर्धं शेत तोंडानं गेलं होतं आणि उरलेल्यातलं अर्धं पायांनी.

अव्वा दोन दिवस काही बोलली नाही. जेवण वाढायची, पण ताट ठेवल्याचा आवाज ओढ्यापर्यंत जायचा. तिसऱ्या दिवशी आमच्या शाळेचे मास्तर आले. जोयड्याला तालुक्याच्या शाळांची बुद्धिबळाची स्पर्धा आहे आणि सुमीला न्यायचं आहे, असं त्यांनी सांगितलं. मास्तर आमच्या आप्पांकडूनच खेळ शिकलेले, पण त्यांच्याकडे नियमांचा छापील कागद आला होता. अव्वानं सगळं ऐकून घेतलं. मग हात पुसत पडवीत आली आणि आप्पांकडे न बघता मास्तरांना म्हणाली, "घेऊन जावा पोरीला. जिकून आली तर ऱ्हाऊ दे तुमचा पट, मी तोंड उगडणार न्हाई. हरली तर हे समदं चुलीला." आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मास्तर हसले, त्यांना वाटलं बाई गंमत करते. आमची अव्वा गंमत करणाऱ्यांतली नव्हती. एकदा बोललेला शब्द ती गिळत नसे, मग त्यात तिचंच नुकसान का होईना.

मला त्या रात्रीपासून दुसरं काही सुचेना. ती फळी चुलीत गेली की आप्पा पुन्हा मान हलवणारे होणार, हे मला लख्ख कळत होतं. कापणी, मळणी, सगळं चालू असताना मी मनात डाव मांडत होते. मास्तर शाळा सुटल्यावर कागद घेऊन बसायचे. तिथं प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जाऊ शकतं हे त्यांनी सांगितलं. दोन तोंडांचं घड्याळ असतं आणि चाल झाली की ते दाबायचं, हेही सांगितलं. मग कागदावरचं बोट पुढं सरकवत म्हणाले, "आनि राजाचं लिवलंय, डावात एकदा त्येला जास्तीची चाल हाय, शह बसायच्या आदी. म्हंजे आपली उडीच की ही." मी मान हलवली. तो किल्लेकोटाचा नियम होता, राजा आणि हत्ती यांनी मिळून करायचा, हे मास्तरांना कळलं नाही आणि मला कळायचा प्रश्नच नव्हता. आज त्यांचा राग येत नाही. ज्या माणसानं जन्मभर एकच उडी पाहिली, तो दुसरं काय वाचणार?

स्पर्धेच्या दिवशी पहाटे मी आणि आप्पा चालत कुंभारवाड्याला आलो आणि तिथं मास्तरांबरोबर बस धरली. अव्वानं डबा दिला होता. तांदळाच्या भाकरी, उकडलेली कणगं आणि लाल मुंग्यांची चटणी. कणगं म्हणजे आमच्याकडचे मोठे कंद, पोटाला तासन्‌तास आधार देणारे. हरले तर पट चुलीत घालणारी हीच बाई जिंकायला ताकद यावी म्हणून कणगं उकडते, हे मला तेव्हा चमत्कारिक वाटलं. बसमध्ये आप्पा खिडकीशी बसले होते. सबंध वाटेत एवढंच म्हणाले, "उडी लवकर मार."

सकाळचे दोन डाव मी जिंकले. पहिला गुंदच्या मुलीशी, दुसरा कुळगीकडच्या एका मुलीशी. दोघींनीही माझ्यासारखीच राजाची उडी मारली, कुणी हरकत घेतली नाही, कारण त्या टेबलांवर पंच फिरकलेच नाहीत. त्यामुळे शेवटच्या डावाला बसले तेव्हा माझी खात्री आणखी घट्ट झाली होती. समोर दांडेलीच्या शाळेतली शालिनी नावाची मुलगी. तिच्या वेण्यांना रिबिनी होत्या आणि तिच्याजवळ चाली लिहायची वही होती. मुलगी वाईट नव्हती. मला बघून हसली आणि पेन्सिल नाही म्हणून स्वतःची दुसरी पेन्सिल मला दिली. मी ती कानामागं खोचली, काय लिहायचं ते मला माहीत नव्हतं. हा डाव महत्त्वाचा म्हणून पंच टेबलाशीच उभे राहिले. वर्गाच्या खिडकीच्या गजांना धरून बाहेर मास्तर आणि आप्पा.

पांढरे मोहरे माझे. पहिली चाल, राजापुढचं प्यादं एक घर. तिनं तिचं मधलं प्यादं दोन घरं पुढं टाकलं. दुसरी चाल, घोड्यापुढचं प्यादं एक घर. तिनं आणखी एक प्यादं मधोमध आणून उभं केलं आणि वहीत लिहिलं. घड्याळाची टकटक मला माझ्या दातांत ऐकू येत होती. मी राजा उचलला, अडीच घरं नेला, मोकळ्या घरात बसवला आणि घड्याळ दाबलं.

शालिनीनं आधी पटाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग हात वर केला. पंचांनी घड्याळ थांबवलं. "एनिदू?" ते कन्नडमधून म्हणाले. हे काय, असं. मी म्हणाले, "राजाची उडी." राजा उचलून त्यांनी परत त्याच्या जागी ठेवला. "मुट्टिद कायी नडेसबेकू," ते म्हणाले आणि मग माझ्यासाठी मराठीतून, "हात लावलेला मोहरा हलवायलाच पाहिजे. राजाच हलव. बरोबर चाल कर." तेवढ्यात खिडकीतून आप्पांचा आवाज आला. चारचौघांत बोललेला त्यांचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "सर, राजाला एक उडी असती की! शह बसलेला न्हाई अजून!" पंच वळले. ते रागावले नाहीत, उलट समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, "तसली उडी बुद्धिबळात नाही, मामा." वर्गातली दोनचार मुलं हसली. मास्तरांनी मान खाली घातली. आप्पा गज धरून तसेच उभे होते, पण आता माझ्याकडे बघत नव्हते.

मला रडू आलं नाही, संताप आला. कुणाचा ते कळेना. पटावर बघितलं तर राजाला हलायला एकच घर मोकळं होतं, त्याच्याच पुढचं, जिथून प्यादं सरकलं होतं ते. बाकी सगळीकडे आपलीच माणसं. उंबऱ्यातून अर्धवट बाहेर काढलेल्या माणसासारखा मी त्याला त्या एका घरात उभा केला. तिथं तो माझ्या वजिराच्या वाटेत आला. शालिनीनं ओठ दाबून धरले, पण तिच्या डोळ्यांत हसू होतं.

पुढचा तासभर मी ज्या तऱ्हेनं खेळले तशी त्यानंतर कधी खेळले नाही. राजाच्या हक्काच्या घरात मी उंट आणून बसवला. तिनं घोडा पुढं टाकला, मी प्यादं देऊन त्याला मागं हटवला. तिनं वजिरानं शह दिला, मी घोडा मधे घातला. मग राजाला पायी चालवत, एक घर, पुन्हा एक घर, मी घरी नेलं. जिथं एका उडीत पोचायचं त्याच्या शेजारी तो तीन चालींनी पोचला, आणि पोचला तेव्हा कोपऱ्यातला हत्ती त्याच्या मागं कोंडला गेला. वजिराला वजीर गेला. तिचं हसू केव्हाच थांबलं होतं, आता ती कपाळाला हात लावून विचार करत होती. तिनं घोडा आणला, माझा राखणीचा उंट मारला, मी तो घोडा मारला. तिचा एक उंट लांबून तिरका बघत राहिला. खिडकीशी आता गर्दी होती. हसणारी मुलंही गप्प होती.

आणि मग तिचा दुसरा घोडा माझ्या उरलेल्या उंटाच्या तोंडात आला. फुकट. मला दुसरी एक चाल दिसत होती. राजाशेजारचं प्यादं एक घर पुढं सरकवून राजाला श्वास घ्यायला जागा करायची. आप्पांनी हजारदा सांगितलेली चाल. पण घोडा फुकट होता, मी तासभर मार खात होते, आणि तिच्या रिबिनीसुद्धा मला आता आवडत नव्हत्या. मी घोडा मारला. तिनं लगेच हत्ती उचलला आणि थेट माझ्या शेवटच्या ओळीत आणून ठेवला. "शह."

मी बघितलं. एका बाजूला माझाच कोंडलेला हत्ती. पुढं माझीच प्यादी. एकच घर मोकळं होतं, तिसऱ्या चालीला मी ज्यात राजाला बसवलं होतं तेच. आणि त्या घरावर तिच्या उंटाची तिरकी नजर होती. मी तरी हात पुढं नेला. मोहऱ्याला लागायच्या आधी मागं घेतला. शालिनी हळूच म्हणाली, "मात आहे." तिनं तिची पेन्सिल परत मागितली नाही. ती बरीच वर्षं माझ्याकडे होती.

परतीच्या बसमध्ये मास्तर सारखे "माजीच चूक, माजीच चूक" म्हणत होते. कुंभारवाड्याला ते त्यांच्या वाटेनं गेले आणि आम्ही दोघंच रानात शिरलो. डोक्यावरून धनेशाची जोडी गेली, सूप पाखडल्यासारखा पंखांचा आवाज करत. ओढ्याच्या अलीकडे आप्पा म्हणाले, "घोडा कशाला मारलास?" मी म्हणाले, "चुकलं." आणखी थोडं चालल्यावर म्हणाले, "एवडी वर्सं तुला खोटंच शिकिवलं मी." मला म्हणायचं होतं की खोटं नव्हतं. म्हणायचं होतं की उडीमुळे नाही, मी हावरटपणानं हरले. खरं तेच होतं. पण मी नुसती पुढं चालत राहिले. पुढं कितीतरी वर्षं मी लोकांना सांगताना तो घोडा गाळत आले, सगळं उडीवर ढकलत आले. आज इथं लिहून टाकते.

अव्वा चुलीशी होती. आमची तोंडं बघूनच तिला कळलं असणार, तरी तिनं विचारलं. "हरलो," मी म्हणाले. आमच्याकडे बायकाही आलो, गेलो, हरलो असंच म्हणतात. "कसं हरलीस?" मी सगळं सांगितलं, उडीचं, पंचांचं, मुलांच्या हसण्याचं. आप्पा खिडकीतून बोलले हे सांगितलं तेव्हा तिनं भाकरी थापायची थांबवली. "ह्ये बोलले? चार मानसांत?" "व्हय." "आनि लोक हसले?" "व्हय." तिनं आप्पांकडे बघितलं. ते पडवीच्या खांबाला टेकून पायाचे तळवे बघत बसले होते. मग ती उठली, पट आणला, मोहऱ्यांची पिशवी आणली. चुलीत जाळ चांगला होता. ती चुलीशी गेली, टाचा उंचावल्या आणि चुलीच्या वर टांगलेल्या बांबूच्या माचावर तिनं ती फळी आणि पिशवी सरकवून दिली. तिथं पुढच्या वर्षाचं बियाणं असायचं, काकडीचं, भोपळ्याचं, मिरचीचं, पुरचुंड्या बांधून, कीड लागू नये म्हणून धुरात ठेवलेलं. "चुलीला म्हनालो हुतो," ती म्हणाली, "घातला."

आठ दिवस पट तिथं राहिला. आप्पा त्या आठ दिवसांत मोजून चार शब्द बोलले असतील. कुणी मागून घ्यायची हिंमत केली नाही. नवव्या दिवशी दुपारी अव्वा भाकरीचं पीठ मळत होती, आप्पा पडवीत दगडावर कोयत्याला धार लावत होते. ती एकदम मला म्हणाली, "त्ये फळकूट काड खाली." मी काढलं. धुरानं पांढरी घरंही काळपट झाली होती, कुठलं कुठलं ते ओळखायला फळी उजेडात तिरकी धरावी लागत होती. "मांड," ती म्हणाली. मी मांडलं. त्या फळीकडे तिनं आयुष्यात कधी वाकून बघितलं नव्हतं. आता पिठाचे हात तसेच ठेवून ती समोर उकिडवी बसली. "ह्यातला राजा कुठला?" मी दाखवला. "आनि आपली उडी कशी हाय ती दाव." मी राजापुढचं प्यादं एक घर सरकवलं, मग घोड्यापुढचं, आणि त्या मोकळ्या घरावर बोट ठेवलं. "हितं."

तिनं दोन पांढऱ्या बोटांनी राजा उचलला, त्या घरात ठेवला, आणि हलतोय का बघायला वरून जरा दाबला.

"बसला की," ती म्हणाली, पडवीत ऐकू जाईल अशा आवाजात. "कोन न्हाई म्हंतंय त्येला? त्येंचा राजा पांगळा आसंल."

धार लावायचा आवाज थांबला. आप्पा आत आले, कोयता भिंतीला टेकवून ठेवला आणि पटाच्या पलीकडे मांडी घालून बसले. पिठाच्या ठशांनी पांढऱ्या झालेल्या त्या राजाकडे त्यांनी बराच वेळ बघितलं.

"माजी चाल," ते म्हणाले.